मॅनहॅटनचा पूल, फ्रॉईड आणि आमचे दोन शनिवार

इंजिनिअर काकांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलनं एक चौकोन काढला, त्याच्यावर एक उंच खांब काढला आणि कागद सगळ्यांसमोर फिरवला. "हा केसॉन. म्हणजे उपडी ठेवलेली पेटी. वर झाकण, खाली तळ नाही. ही नदीच्या तळाशी बसवायची, आत दाबानं हवा भरायची म्हणजे पाणी आत घुसत नाही. मग माणसं आत उतरून गाळ उपसतात आणि पेटी खाली खाली बसत जाते. खडक लागला की आत काँक्रीट भरून टाकायचं. मग त्यावर खांब. आता मला सांगा, खांब उभा आहे, तारा ओढून झाल्यात, चार महिन्यांत मॅनहॅटनचा पूल सुरू होणार आहे, आणि हा कादंबरीवाला लेखक म्हणतो की खालची पेटी अजून पोकळ आहे, त्यात माणसं ये-जा करतायत! अहो, मग एवढा पूल उभा कशावर होता?"

काकांची सगळी नोकरी खाडीपुलांवर गेली. दहापैकी चार गुण देऊन त्यांनी वही पुढे सरकवली.

ही वही आमच्या वाचनगटाची. ठाण्यात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आठ-दहा जण भेटतो, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलेलं असतं. प्रत्येकानं वहीत गुण द्यायचे आणि एका ओळीत कारण लिहायचं, एवढाच नियम. वही माझ्याकडे असते. एरवी एका पुस्तकाला एक बैठक पुरते. या पुस्तकाला दोन लागल्या, आणि दुसऱ्या बैठकीत बऱ्याच जणांनी आपलेच गुण खोडले. असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

पुस्तक होतं जेड रुबेनफेल्ड यांचं 'द इंटरप्रिटेशन ऑफ मर्डर', 2006 सालचं. लेखक येल विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याचे जुने अभ्यासक. पुस्तकाचं नशीबही गमतीचं आहे. अमेरिकेत मोठा गाजावाजा करून आणलं, तिथे अपेक्षेइतकं चाललं नाही. ब्रिटनमध्ये रिचर्ड आणि ज्युडी या टीव्हीवरच्या जोडप्याच्या वाचनमंडळानं ते निवडलं आणि तिथे ते धो धो खपलं, 2007 साली वाचकांच्या पसंतीचं बक्षीसही मिळालं. म्हणजे वाचकांची मतं दुभंगण्याची परंपरा आमच्या आधीपासूनची.

गोष्टीचा पाया खरा आहे. 29 ऑगस्ट 1909 च्या संध्याकाळी 'जॉर्ज वॉशिंग्टन' नावाच्या जहाजातून सिग्मंड फ्रॉईड न्यूयॉर्कला उतरला. सोबत त्याचे सहकारी कार्ल युंग आणि शांडोर फेरेंझी. क्लार्क विद्यापीठाला वीस वर्षं झाली म्हणून तिथले अध्यक्ष स्टॅन्ली हॉल यांनी फ्रॉईडला व्याख्यानांसाठी बोलावलं होतं. आधी आठवडाभर न्यूयॉर्क बघायचं, मग विद्यापीठाच्या गावी, वूस्टरला जाऊन पाच व्याख्यानं द्यायची, असा बेत. फ्रॉईडची ही पहिली आणि शेवटची अमेरिकावारी. पुढे आयुष्यभर तो अमेरिकेला नावं ठेवत राहिला. 'एक अवाढव्य चूक' असं तो त्या देशाला म्हणाल्याचं त्याचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स सांगतो.

कादंबरीकारानं इथेच बोट ठेवलं आहे. त्या आठवड्यात असं काय घडलं की माणसाच्या मनात एवढी अढी बसावी? त्यानं उत्तर रचलं, खून. एका उंची इमारतीत एका तरुणीचं प्रेत सापडतं. लगेच दुसऱ्या एका श्रीमंत घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीवर, नोरा अ‍ॅक्टनवर, हल्ला होतो. ती वाचते, पण तिची वाचा जाते आणि काय घडलं ते आठवत नाही. फ्रॉईडच्या सल्ल्यानं स्ट्रॅथम यंगर नावाचा एक तरुण डॉक्टर, हा काल्पनिक, तिच्यावर मनोविश्लेषणाचे उपचार सुरू करतो. तिच्या नेणिवेत गुन्हेगाराचं नाव दडलेलं आहे, ते बाहेर काढायचं. शेवट मी फोडत नाही.

खरं उत्तर मात्र डॉक्टरताईंनी पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं. त्या मनोविकारतज्ज्ञ, तीस वर्षांची प्रॅक्टिस. "त्याचं पोट बिघडलेलं होतं, लघवीचा त्रास होता आणि त्याला तिथे स्वच्छतागृह सापडत नव्हतं. तक्रार त्यानं स्वतः केली आहे. म्हणे मैलभर बोळांतून चालवत नेतात आणि तळघरात, एकदम शेवटच्या क्षणी, संगमरवरी महाल!"

काका खूश झाले. "बघा! एवढ्यासाठी कशाला हवा होता खून?"

पहिल्या शनिवारचा हिशेब असा होता. वकीलसाहेबांना, म्हणजे सत्र न्यायालयात फौजदारी चालवून निवृत्त झालेल्या आमच्या सदस्यांना, पुस्तक आवडलं. सात गुण. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेला माणूस, शवागारातून प्रेत नाहीसं होतं म्हटल्यावर ते खूश न झाले तर नवल. गटातल्या नाटकवाल्यांनी नऊ दिले, त्याचं कारण पुढे येईल. डॉक्टरताईंनी तीन दिले आणि कारणाच्या रकान्यात 'युंग' एवढंच लिहिलं. माझे सहा. बँकेत काम करणारी आमच्यातली सर्वांत लहान सदस्य, तिला आम्ही सगळे 'बँकवाली' म्हणतो, तिनं आठ दिले. "रात्री दोनपर्यंत जागून संपवलं. मला फ्रॉईडचं काहीच माहीत नव्हतं, आता वाचावंसं वाटतंय." कुठल्याही लेखकाला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

डॉक्टरताईंची युंगबद्दलची तक्रार थोडक्यात सांगते. कादंबरीतला युंग आढ्यतेखोर, संशयास्पद, बाईच्या मागे लागलेला आणि ज्यूंबद्दल मनात आकस असलेला. वाचकाला मधूनमधून वाटावं की खुनी हाच की काय. यातलं काही हवेतून आलेलं नाही. सबिना श्पिलराइन या रुग्ण मुलीशी त्याचे संबंध होते आणि 1909 च्याच वसंतात ते प्रकरण फ्रॉईडपर्यंत पोचलं होतं. ब्रेमेनला जहाजात चढण्याच्या आदल्या दिवशी, दलदलीत सापडणाऱ्या प्राचीन प्रेतांवर युंग बोलत सुटला आणि फ्रॉईडला चक्क चक्कर आली, हेही प्रसिद्ध आहे. प्रवासात दोघं एकमेकांची स्वप्नं सोडवत होते. एका स्वप्नाबद्दल युंगनं खोदून विचारलं तेव्हा फ्रॉईड म्हणाला की जास्त सांगितलं तर माझा अधिकार जाईल. त्याच क्षणी तो अधिकार गेला, असं युंगनं म्हातारपणी लिहिलं. म्हणजे भांडणाचं बी होतंच. पण दोघांचं उघड फाटलं ते 1912-13 मध्ये, आणि कादंबरी ते सगळं त्या एका आठवड्यात कोंबते. डॉक्टरताईंचं म्हणणं, "मेलेल्या माणसाला बदनामीचा खटला भरता येत नाही म्हणून काहीही करायचं का?"

यावर वकीलसाहेब हसले. मराठी वाचकाला हे भांडण नवं नाही. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी आली की पेशव्यांचे, सरदारांचे, राण्यांचे कैवारी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पत्र घेऊन हजर असतात. फरक एवढाच, की युंगचा कैवार घेणारं ठाण्यात एकच माणूस होतं.

आता नाटकवाल्यांचे नऊ गुण. कादंबरीतला यंगर वर्षानुवर्षं हॅम्लेटच्या 'टू बी ऑर नॉट टू बी'वर अडून बसलेला आहे. फ्रॉईडनं हॅम्लेटमध्ये ईडिपस गंड, म्हणजे मुलाच्या मनातली आईची ओढ आणि बापाचा मत्सर, शोधला होता. काकानं बापाला मारून आईशी लग्न केलं, म्हणजे तेच केलं जे हॅम्लेटच्या स्वतःच्या मनात होतं, म्हणून त्याचा हात उठत नाही. यंगरला हे पचत नाही. खून बाजूला ठेवून तो पानंच्या पानं विचार करतो. या पानांवर अनेक वाचक वैतागतात. काकांनी ती सरळ उलटली, बँकवालीनंही. यंगरला सापडतं ते असं, की त्या ओळीत जगण्या-मरण्याचा सवाल नसून 'असणं' आणि 'भासणं' यांतली निवड आहे.

नाटकवाले उठून उभेच राहिले. "हे आपल्याला दिसणारच नाही! आपल्या कानात काय बसलंय? जगावं की मरावं. नटसम्राटानं ती ओळ अशी काही मराठी करून ठेवली की दुसरा अर्थ शिरायला फटच नाही. मी पन्नास वर्षं नाटकात आहे, इंग्रजीतलं ते 'बी' म्हणजे नुसतं 'असणं' आहे हे मला या खुनाच्या पुस्तकानं सांगितलं." मग त्यांनी आगरकरांनी 1883 साली केलेल्या हॅम्लेटच्या रूपांतराचा, 'विकारविलसित'चा विषय काढला आणि चहा थंड झाला. एखाद्या पुस्तकाला कुणी कशासाठी गुण देईल याचा नेम नसतो, हे मला या वहीनं शिकवलं आहे. रहस्यकथा म्हणून ज्या पानांचा अडथळा होतो, त्याच पानांसाठी एक माणूस नऊ देतो.

बैठक मोडता मोडता बँकवालीनं विचारलं, "ती नोरा खरी होती का?"

डॉक्टरताई म्हणाल्या, "होती. पुढच्या वेळी सांगते. त्याच्याआधी पुस्तकाच्या शेवटची लेखकाची टीप वाच."

आमच्यातल्या निम्म्यांनी ती टीप वाचलीच नव्हती. माझाही त्यात समावेश. गोष्ट संपली की पुस्तक मिटायची सवय. तिथे लेखक प्रामाणिकपणे सांगतो, की फ्रॉईड-युंगच्या तोंडची बरीच वाक्यं त्यांच्याच पत्रांतून आणि लेखांतून उचललेली आहेत, आणि नोरा फ्रॉईडच्या 'डोरा'वरून घेतली आहे.

दुसऱ्या शनिवारी डॉक्टरताई फाइल घेऊन आल्या. त्यांनी सांगितलेली डोराची हकिगत अशी.

डोराचं खरं नाव इडा बाउअर. व्हिएन्नातल्या सधन ज्यू कारखानदाराची मुलगी. तिचा भाऊ ओटो पुढे समाजवादी नेता आणि काही काळ ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री झाला. ऑक्टोबर 1900 मध्ये वडिलांनी तिला फ्रॉईडकडे आणलं. खोकला, मधूनच आवाज जाणं, जिवाला त्रास करून घेण्याची भाषा. पार्श्वभूमी ही, की वडिलांचे एका स्नेह्याच्या बायकोशी संबंध. फ्रॉईड त्या जोडप्याला हेर के. आणि फ्राउ के. म्हणतो, म्हणजे जर्मनमध्ये श्री. के. आणि सौ. के. मुलगी चौदाची असताना या हेर के.नं तिला दुकानात एकटं गाठून तिचं चुंबन घेतलं. सोळाव्या वर्षी तळ्याकाठी पुन्हा प्रसंग आला, तिनं थोबाडीत मारली आणि घरी येऊन सांगितलं. त्या माणसानं कानांवर हात ठेवले. वडिलांनीही ठरवलं की मुलीनं हे मनात रचलं. मुलीला स्वतःला वाटत होतं, की वडिलांच्या प्रकरणाकडे त्या माणसानं काणाडोळा करावा म्हणून तिला त्याच्या पदरात टाकलं जात आहे. मग वडील तिला डॉक्टरकडे आणतात आणि सांगतात, हिला जरा ताळ्यावर आणा.

फ्रॉईडनं तिच्यावर विश्वास ठेवला. घरात कुणी ठेवला नव्हता, त्यानं ठेवला, हे त्याच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे. तळ्याकाठचा प्रसंग घडला हे त्यानं मान्य केलं. पण मग तो तिला सांगत बसला, की तुला त्या माणसाची किळस आली हाच हिस्टेरिया, मनातून तुझं त्याच्यावर प्रेम आहे. अकरा आठवड्यांनी, 31 डिसेंबर 1900 ला, ती म्हणाली की आज शेवटचं, आणि निघून गेली. फ्रॉईडनं 1905 मध्ये ही हकिगत छापली, नाव ठेवलं 'एका विश्लेषणाचा तुकडा'. पुरवणीत कबूल केलं, की मुलगी मला त्या हेर के.च्या जागी बसवून माझ्यावर सूड उगवते आहे, हे मी वेळेवर ओळखलं नाही.

"आणि हे ऐका," डॉक्टरताईंनी कागद काढला. केस सुरू झाल्या-झाल्या फ्रॉईडनं विल्हेल्म फ्लीस या मित्राला लिहिलं होतं, की अठरा वर्षांची नवी मुलगी आली आहे आणि माझ्याकडच्या चोरकिल्ल्यांच्या जुडग्यानं कुलूप सहज उघडलं.

"चोरकिल्ल्या?" वकीलसाहेब खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे हा स्वतःला पोलिस समजत नव्हता. घरफोड्या समजत होता."

छापताना फ्रॉईडनं आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याला भीती होती की काही डॉक्टर ही केस शास्त्र म्हणून न वाचता, खऱ्या माणसांची नावं बदलून लिहिलेली चटकदार कादंबरी म्हणून वाचतील. त्याच्या दहा वर्षं आधीही त्यानं म्हटलं होतं, की माझ्या रोग्यांच्या हकिगती कथांसारख्या वाचल्या जातात आणि त्यावर शास्त्राचा शिक्का उमटत नाही, याचं मलाच नवल वाटतं. एकशे एक वर्षांनी त्याची भीती खरी झाली, आणि त्यात तो स्वतःही पात्र होऊन बसला!

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. कादंबरी आता आम्हाला वेगळी दिसू लागली होती. नोराचं अ‍ॅक्टन आणि त्यांच्या स्नेह्यांचं बॅनवेल ही दोन घरं म्हणजे बाउअर आणि के. यांचीच मांडणी, व्हिएन्नातून उचलून न्यूयॉर्कात ठेवलेली. तोच बापाचा व्यभिचार, तोच स्नेही, तीच बसलेली वाचा. फक्त शेवट बदललेला. खऱ्या मुलीनं दार लावून घेतलं, कादंबरीतली मुलगी डॉक्टरच्या प्रेमात पडते.

बँकवाली सगळ्यांत शेवटी बोलली. "म्हणजे तेव्हा फ्रॉईड म्हणाला, तुझं त्या काकांवर प्रेम आहे. आता हा लेखक म्हणतोय, नाही नाही, तुझं डॉक्टरवर प्रेम आहे. तिला कुणी विचारलंय का?"

मी वर्षभर फ्रॉईडवर वाचलं असतं तरी मला हे वाक्य सुचलं नसतं.

वकीलसाहेबांनी बाजू मांडली, ते मांडणारच. त्यांचं म्हणणं, कादंबरीतली नोरा नुसती बळी नाही. ती लपवते, रचते, स्वतः काही हालचाल करते. खऱ्या केसमध्ये तिच्या हातात फक्त निघून जाणं होतं. कादंबरीकारानं तिला जास्त जागा दिली. हे मला निम्मं पटलं. निम्मं नाही, कारण ती जे करते त्यातलं पुष्कळसं कथानकाच्या गरजेसाठी करते. रहस्यकथेत प्रत्येकानं काहीतरी लपवलेलं असावंच लागतं.

आणि मग वकीलसाहेबांनी जे सांगितलं त्यानं आमची चर्चा तिसऱ्याच वाटेला लागली. दोन बैठकांच्या मधल्या महिन्यात ते 'फ्रॉईडचा खऱ्या गुन्ह्यांशी कधी संबंध आला का' हे शोधत बसले होते. आला होता, आणि प्रत्येक वेळी तो मागे सरला होता.

1906 मध्ये व्हिएन्नात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे त्याचं व्याख्यान झालं. त्या काळी युंगची शब्द-चाचणी गाजत होती. एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, अडखळला की तिथे काहीतरी आहे. न्यायालयात ही वापरता येईल का, हा प्रश्न. फ्रॉईड म्हणाला, गुन्हेगार आणि हिस्टेरियाचा रोगी दोघांकडेही गुपित असतं, पण गुन्हेगाराला ते माहीत असतं आणि तो तुमच्यापासून लपवतो, रोग्याचं गुपित त्याच्यापासूनच लपलेलं असतं. त्यानं बजावलं, की मनात मुळात अपराधी भावना घेऊन फिरणारा निर्दोष माणूसही तुमच्या चाचणीत अडखळेल आणि तुम्ही त्याला दोषी समजाल.

1924 मध्ये शिकागोत लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत तरुणांनी एका मुलाचा खून केला. 'शिकागो ट्रिब्यून'च्या मालकानं फ्रॉईडला 25,000 डॉलर देऊ केले, या आणि या दोघांची मनं तपासा. तो गेला नाही. वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून मत देता येत नाही, असं त्यानं कळवलं.

तिसरा किस्सा हाल्समनचा. सप्टेंबर 1928 मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरात एक ज्यू दंतवैद्य फिरायला गेला असताना मारला गेला. सोबत त्याचा मुलगा फिलिप होता. पुरावा तुटपुंजा, पण त्या प्रांतात ज्यूंबद्दल द्वेष दाट होता आणि इन्सब्रुकच्या न्यायालयानं मुलाला दोषी ठरवलं. इन्सब्रुकच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी आपल्या अहवालात चक्क ईडिपस गंडाचा उल्लेख केला. नंतर फ्रॉईडला मत विचारलं गेलं. तो म्हणाला, हा गंड प्रत्येकात असतो, म्हणूनच त्यावरून कुणाचा गुन्हा ठरत नाही. आणि त्यानं एक विनोद सांगितला. घरफोडी होते, पहार बाळगणारा एक माणूस पकडला जातो आणि त्याला शिक्षा होते. काही म्हणायचं आहे का, असं विचारल्यावर तो म्हणतो, साहेब, मग व्यभिचाराचीही शिक्षा देऊन टाका, त्याचंही हत्यार माझ्यापाशी आहे.

वकीलसाहेबांनी हा विनोद दोनदा सांगितला. फिलिप हाल्समनची पुढे माफी देऊन सुटका झाली. अमेरिकेत जाऊन तो फार मोठा छायाचित्रकार झाला. साल्वादोर दाली, पाणी आणि मांजरं हवेत उडालेली आहेत तो फोटो त्याचाच.

डॉक्टरताईंनी यात भर घातली ती युंगची. दोघांमध्ये खरोखर चोर पकडलेला माणूस युंगच. रुग्णालयातल्या एका चोरीत तीन परिचारिकांवर शब्द-चाचणी लावून आपण चोर कसा शोधला, हे त्यानं लिहून ठेवलं आहे. 1909 मध्ये क्लार्क विद्यापीठात त्यानं व्याख्यान दिलं ते याच चाचणीवर. म्हणजे त्या जहाजातून खरा डिटेक्टिव्ह उतरला होता, आणि कादंबरीकारानं त्यालाच संशयितांच्या रांगेत उभं केलं. "त्याला गोष्ट समोर वाढलेली होती हो," डॉक्टरताई म्हणाल्या, "आणि हा दुसऱ्याच ताटावर बसला."

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. या प्रकारच्या कादंबऱ्या आता पुष्कळ आहेत. 1974 मध्ये निकोलस मेयरनं शेरलॉक होम्सचं कोकेनचं व्यसन सोडवायला त्याला फ्रॉईडकडे पाठवलं, तिथून ही वाट रुळली. फ्रँक टॅलिस स्वतः मानसशास्त्रज्ञ, त्यानं शहाणपणा केला. शोध घेणारा डॉक्टर काल्पनिक ठेवला आणि फ्रॉईडला कोपऱ्यात सिगार ओढत बसवला, सल्ला देण्यापुरता. तिथे वाचकांची अशी भांडणं कमी होतात, कारण फ्रॉईडच्या खांद्यावर निकाल लावायचं ओझं नसतं. रुबेनफेल्डनंही उपचार करणारा डॉक्टर काल्पनिकच घेतला, पण रोगी खरी घेतली. गाठ तिथे बसली. गुप्तहेराला शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून उत्तर द्यावंच लागतं. फ्रॉईडच्या डोराला उत्तर नाही, तिचं नावच 'तुकडा' आहे. तुकड्याला शेवट जोडायचा म्हटला की कुणाच्या तरी मनाची फिर्याद लेखकाला स्वतःच्या हातानं निकालात काढावी लागते.

काकांना मी हे सांगायला गेले तर ते आधीच दुसरीकडे पोचले होते. "अहो ताई, पुलाचं माफ केलं मी. पुलाला काय कळतंय? सहा घाला." मग थोडं थांबून, "ती इडा. तिचं पुढे काय झालं?"

डॉक्टरताईंनी फाइल पुन्हा उघडली. इडानं 1903 मध्ये लग्न केलं, एक मुलगा झाला. ज्या फ्राउ के.वरून एवढं रामायण झालं तिच्याशीच तिची पुढे मैत्री राहिली आणि दोघी मिळून व्हिएन्नातल्या बायकांना ब्रिज खेळायला शिकवत. ब्रिज म्हणजे पत्त्यांचा, हे डॉक्टरताईंना काकांकडे बघून मुद्दाम सांगावं लागलं. नात्झी आल्यावर तिला देश सोडावा लागला. 1945 मध्ये ती वारली, न्यूयॉर्कमध्ये.

"न्यूयॉर्कमध्ये?" बँकवाली म्हणाली. "म्हणजे ती खरंच आली तिथे?"

"आली. पण तेव्हा साठीकडे झुकली होती."

काकांनी पेन्सिल उचलली आणि कॅलेंडरच्या त्याच पानावर, खांबाशेजारी, 1909 आणि 1945 लिहून वजाबाकी केली. छत्तीस. "पूल तेव्हा छत्तीस वर्षांचा. गेलीही असेल त्यावरून."

वहीतल्या त्या पानावर आता अशी नोंद आहे. काका, चार खोडून सहा. वकीलसाहेब, सातच. नाटकवाले, नऊच, आणि कारणाच्या रकान्यात 'असावं की भासावं' असं सुवाच्य अक्षरात. डॉक्टरताई, तीनाचे पाच, 'पोरांनी डोरा वाचली म्हणून'. माझे सहाचे पाच. बँकवालीच्या नावापुढचा आठ खोडलेला आहे आणि तिथे दुसरा आकडा तिनं अजून घातलेला नाही.